आरव्ही, ट्रेलर, व्हॅन, पॉप-अप: कॅम्पग्राउंडवाले कोणाला घेतात आणि कोणाला दारातून परत पाठवतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीचं प्लॅनिंग सुरू झालं की मला तेच तेच मेसेज यायला लागतात. "आमची गाडी घेतील का?", "दहा वर्षांचा रूल खरा आहे का?", "साइट ३० फुटांची आहे, आमचा ट्रेलर बसेल ना?" (साइट म्हणजे कॅम्पग्राउंडमधली एका मुक्कामाची जागा.) प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला, म्हणून सगळं एकत्र लिहिलंय. सोपे प्रश्न आधी, वाकडे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय.

१. कॅम्पग्राउंडवाले आपली आरव्ही नाकारू शकतात? ती जागा त्यासाठीच असते ना?

शकतात, आणि सर्रास नाकारतात. फक्त कोण नाकारतंय ते बघायचं, कारण सरकारी आणि खाजगी जागांची कारणं अगदी वेगळी असतात. नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट, स्टेट पार्क इथे बहुतेक वेळा प्रश्न असतो लांबीचा, अस्वलांचा, नाहीतर जनरेटरच्या आवाजाचा. तुमची गाडी दहा वर्षांची आहे की तीस, याच्याशी रेंजरला काही देणंघेणं नसतं. खाजगी आरव्ही पार्कमध्ये उलटं. तिथे ५० फुटी गाडी आनंदाने घेतील, पण ती जुनी दिसत असेल, घरी बनवलेली असेल किंवा त्यांना नको त्या प्रकारातली असेल तर "सॉरी, फुल आहे" ऐकायला मिळतं (प्रश्न ८ ते १०).

२. क्लास ए, बी, सी, फिफ्थ व्हील... नियम वाचताना डोकं फिरतं, थोडक्यात सांगा ना.

स्वतःच्या इंजिनवर चालते ती मोटरहोम. त्यात बससारखी सपाट तोंडाची ती क्लास ए, साधी व्हॅन आतून घरासारखी केलेली ती क्लास बी, आणि ट्रकचं तोंड ठेवून ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग काढलेली ती क्लास सी. नावांचा क्रम आकाराप्रमाणे नाही, बी सगळ्यात लहान असते, हे कुणी ठरवलं देव जाणे. मागे ओढून न्यायचे ते ट्रेलर: साधा ट्रॅव्हल ट्रेलर बंपरखालच्या हिचला (ओढायच्या जोडणीला) लागतो, फिफ्थ व्हील पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचला, आणि पॉप-अप म्हणजे चालताना चपटा डबा आणि मुक्कामाला पोचल्यावर कापडी भिंती वर. पिकअपच्या हौद्यातच बसवतात तो ट्रक कॅम्पर. नियमांच्या दृष्टीने यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द "कापडी" हा आहे, पुढच्या प्रश्नात कळेल का ते.

३. "हार्ड-सायडेड युनिट्स ओन्ली" म्हणजे काय? आणि का?

म्हणजे झोपायच्या जागेच्या भिंती पक्क्या हव्यात, फायबरग्लास, अॅल्युमिनियम, लाकूड, काहीही, पण कापड नको. तंबू बंद, पॉप-अप ट्रेलर बंद. कारण एकच, अस्वलं, त्यातही ग्रिझली.

यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क हे सगळ्यात माहितीतलं उदाहरण. त्या पार्कमध्ये पाणी, वीज, सीवर तिन्ही हुकअप (थेट गाडीला लावायच्या जोडण्या) असलेली ही एकच जागा, म्हणून सगळे तिथेच बुकिंग करायला धावतात, आणि मग कळतं की तंबू आणि टेंट ट्रेलर चालत नाहीत. तो भाग ग्रिझलींच्या वावराचा आहे. यलोस्टोनच्या ईशान्य गेटबाहेर, मोंटानातल्या कुक सिटीजवळ सोडा ब्यूट नावाचं फॉरेस्ट कॅम्पग्राउंड आहे, तिथे जुलै २०१० मध्ये एका ग्रिझली मादीने एकाच रात्री वेगवेगळ्या तंबूंत झोपलेल्या तिघांवर हल्ला केला, त्यात एकाचा जीव गेला. त्यानंतर तिथे फक्त हार्ड-सायडेड. हे वाचल्यावर "काय उगाच नियम काढतात" असं म्हणावंसं वाटत नाही.

कॅनडात बँफमधल्या लेक लुईसला वेगळी शक्कल आहे. तिथे दोन भाग केलेत, हार्ड-सायडेडवाल्यांचा वेगळा आणि तंबू-पॉप-अपवाल्यांचा वेगळा, आणि या दुसऱ्या भागाला चक्क विजेचं कुंपण. म्हणजे अस्वलं बाहेर आणि माणसं पिंजऱ्यात.

आमचा स्वतःचा धडा सांगतो. सुरुवातीला आमच्याकडे पॉप-अप होता. एका फॉरेस्ट कॅम्पग्राउंडला संध्याकाळी उशिरा पोचलो, फाट्यावरची पाटी अंधारात दिसलीच नाही, भिंती वर केल्या, चहा ठेवला, तेवढ्यात तिथला होस्ट, म्हणजे देखरेख करणारा माणूस, टॉर्च घेऊन आला. काही बोलला नाही. पॉप-अपचं कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं, दुकानात साडीचा पोत बघतात ना तसं, आणि मग टॉर्च पाटीकडे फिरवला. चहा तसाच ओतून दिला, सगळं परत घडी केलं आणि रात्री साडेदहाला पुढची जागा शोधायला निघालो. मुलं तेव्हापासून कुठल्याही पाटीसमोर गाडी थांबवायला लावतात.

४. माझी व्हॅन पक्की आहे पण वरचं छत उघडतं आणि त्याला कापड आहे. ट्रक कॅम्पर, हायब्रिड, छतावरचा तंबू, यांचं काय?

इथे खरी गंमत आहे, कारण "पक्की भिंत" या शब्दाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. माझ्या अनुभवात साधारण असं चालतं:

छतावरचा तंबू म्हणजे तंबूच, गाडीवर चढवला म्हणून पक्का होत नाही. हायब्रिड ट्रेलर, म्हणजे मधला भाग पक्का आणि दोन्ही टोकांना कापडी पलंग बाहेर येतात तो, बहुतेक ठिकाणी कापडीत मोजतात. छत वर जाणारा ट्रक कॅम्पर, ज्याच्या मधल्या पट्ट्यात कापड असतं, तोही तसाच. उलट ए-फ्रेम, म्हणजे त्रिकोणी घरासारखा उभा राहणारा पक्क्या पॅनेलचा फोल्डिंग ट्रेलर, बहुतेक वेळा चालतो, फक्त गेटवरच्या माणसाला तो पॉप-अप वाटतो आणि मग त्याला हाताने ठोकून दाखवावं लागतं. टियरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा पक्का ट्रेलर, चालतो.

उघडणाऱ्या छताची व्हॅन सगळ्यात वादाची. "छत बंद ठेवून खाली झोपू" म्हटल्यावर काही ठिकाणी हो म्हणतात, काही ठिकाणी प्रकार बघूनच नाही. म्हणून बुकिंगच्या आधी फोन करा, आणि फोनवर "कॅम्पर व्हॅन आहे" एवढंच सांगू नका, "छताला कापड आहे, ते बंद ठेवलं तर चालेल का" असं स्पष्ट विचारा. होकार मिळाला तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

आणि हो, ही बंदी अधूनमधून अचानकही येते. ग्लेशियर नॅशनल पार्कमधलं मेनी ग्लेशियर कॅम्पग्राउंड एरवी तंबूंना खुलं असतं, पण अस्वलांची ये-जा वाढली की काही काळ फक्त हार्ड-सायडेड करून टाकतात. तिकडे तंबू घेऊन जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर सूचना बघाच.

५. साइट ३० फुटांची लिहिलीय आणि माझ्या ट्रेलरच्या नावात २७ आहे. बसेल ना?

नावावर जाऊ नका! मॉडेलच्या नावातला आकडा बहुतेक वेळा आतल्या खोलीच्या लांबीच्या आसपासचा असतो, पुढचा हिचचा दांडा आणि मागचा बंपर त्यात धरलेला नसतो. एका मित्राच्या ट्रेलरच्या नावात २५ होते, आम्ही दोघांनी ड्राइव्हवेत टेप धरला, मी पुढे हिचच्या टोकाशी आणि तो मागे, तर टेपवर २८ फूट १० इंच. वर त्याने मागे सायकलींचा रॅक लावलेला, तो धरून ३१ च्या पुढे. पठ्ठ्या दोन वर्षं २५ सांगून बुकिंग करत होता.

तर मोजायचं असं: सगळ्यात पुढचं टोक ते सगळ्यात मागचं टोक, रॅक, स्पेअर टायर सगळं धरून. मोटरहोमच्या मागे छोटी गाडी ओढत असाल तर तीही. मग साइटच्या पानावर ड्राइव्हवे लेंग्थ काय आणि मॅक्स व्हेइकल लेंग्थ काय ते वेगवेगळं वाचा, आणि तो आकडा फक्त ट्रेलरचा आहे की ओढणाऱ्या गाडीसकट ते बघा. पानावर कळत नसेल तर विचारा. बॅक-इन (रिव्हर्स घेऊन लावायची) आहे की पुल-थ्रू (एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर) तेही तिथेच दिलेलं असतं, नवीन माणसाने पहिल्या ट्रिपला पुल-थ्रू घ्यावी, उगाच सगळ्या कॅम्पसमोर तमाशा नको. स्लाइड (खोलीचा बाजूला सरकणारा भाग) बाहेर काढायला शेजारी झाड आहे का, हे कुठल्याच आकड्यात येत नाही, साइटचे फोटो बघा.

६. कोणत्या लांबीची आरव्ही घेतली की सगळीकडे चालते? आणि नॅशनल पार्कात जागा इतक्या लहान का?

सगळीकडे चालणारी आरव्ही जगात नाही. पण काही आकडे देतो म्हणजे अंदाज येईल. योसेमिटी व्हॅलीत अपर पाइन्सला जास्तीत जास्त मोटरहोम ३५ फूट आणि ट्रेलर २४ फूट, लोअर आणि नॉर्थ पाइन्सला ४० आणि ३५, आणि तेवढ्या मोठ्या साइट अगदी मोजक्या. हुकअप कुठेच नाही. त्याच व्हॅलीतलं कॅम्प ४ फक्त तंबूंचं. ग्रँड कॅन्यन साउथ रिमला मेदर कॅम्पग्राउंडची मर्यादा ३० फूट, मोठी गाडी असेल तर शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला जायचं, तिथे हुकअप आहेत आणि ५० फुटांपर्यंत घेतात. ग्लेशियरमधलं स्प्रेग क्रीक २१ फुटांवर थांबतं आणि तिथे काहीही ओढून आणलेलं चालत नाही, छोटासा टियरड्रॉपही नाही. ग्रँड टीटनमधलं जेनी लेक तंबूवाल्यांसाठी राखलेलं. माझं मत विचाराल तर २५ फुटांच्या आत राहिलात तर फार कमी दारं बंद होतात, ३० च्या पुढे गेलात की प्रत्येक बुकिंगला टेप काढावा लागतो.

जागा लहान का, याची गोष्ट मला फार आवडते. १९२० च्या दशकात लोक गाड्या घेऊन पार्कात शिरायचे आणि वाटेल त्या झाडाखाली उभ्या करायचे. माती दाबली जायची, मुळं गुदमरायची, झाडं मरायची. माइनेके नावाचे वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ होते, त्यांनी हे ओळखलं आणि १९३२ च्या सुमारास उपाय मांडला: एकदिशा गोल रस्ता, त्याला छोटे छोटे फाटे, प्रत्येक गाडी आपल्या फाट्यात, बाकी जमिनीला हात लावायचा नाही. पुढे १९३३ ते १९४२ मध्ये सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर या बेरोजगार तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतल्या पोरांनी देशभर तशी कॅम्पग्राउंडं बांधली. आज आपण जो लूप आणि साइट नंबर बघतो तो तिथून आलाय. फक्त ते फाटे त्या काळच्या मोटारींच्या मापाने काढले होते, आणि आपण तिथे दोन बेडरूमचं घर घेऊन जातोय.

७. कॅम्पग्राउंडने हो म्हटलं म्हणजे झालं ना?

नाही! रस्त्याने हो म्हणायला हवं. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अॅव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन पिकनिक एरिया या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे, आणि लांबीत ओढलेला ट्रेलर धरतात. म्हणजे एका बाजूला मुक्काम असेल तर दुसऱ्या बाजूला जायला डोंगराला वळसा.

युटातल्या झायन नॅशनल पार्कचा बोगदा हा दुसरा. १९३० साली पूर्ण झालेला, १.१ मैल लांब. इतकी वर्षं ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी असेल तर १५ डॉलर भरायचे आणि समोरची वाहतूक थांबवून मधोमध सोडायचे. आता २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद करायचं पार्कने जाहीर केलंय. बहुतेक मोटरहोम ७ फूट १० इंचांपेक्षा रुंदच असतात, त्यामुळे झायनहून जवळच्या ब्राइस कॅन्यन पार्कला "सरळ बोगद्यातून" जायचा जुना प्लॅन कुणी पाठवला असेल तर तो फेकून द्या आणि वळशाचे तास धरा.

बंदी आणि सल्ला यांत फरक असतो तोही बघा. बिग बेंडच्या चिसोस बेसिनच्या रस्त्यासाठी २४ फुटांपेक्षा मोठी आरव्ही किंवा २० फुटांपेक्षा मोठा ट्रेलर आणू नका असा सल्ला आहे. सेक्वोयात जनरल्स हायवेच्या पायथ्याकडच्या वळणांसाठी २२ फूट सांगतात. सल्ला मोडला तर कुणी पकडणार नाही, पण वळणावर अडकलात की मागच्या पन्नास गाड्यांच्या शिव्या तुमच्याच.

८. दहा वर्षांपेक्षा जुनी आरव्ही घेत नाहीत हे खरं का? हा कायदा आहे?

कायदा नाही. काही खाजगी पार्कांचा स्वतःचा नियम आहे, आणि सगळ्यांचा तर नाहीच नाही. त्यांची भीती अशी की मोडकी गाडी येऊन महिनोन्महिने पडून राहील, गळेल, आणि शेजारची महागडी गिऱ्हाइकं नाक मुरडतील. त्यामुळे जिथे लोक महिन्याच्या भाड्याने राहतात तिथे हा नियम जास्त, एका रात्रीसाठी हायवेलगत थांबणाऱ्याला फार कमी वेळा विचारतात.

व्यवहारात हा नियम वाकतो. स्वच्छ धुतलेल्या गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो ईमेल करा, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर हो म्हणतात. जुन्या चकचकीत एअरस्ट्रीमला (चंदेरी अॅल्युमिनियमच्या ट्रेलरचा प्रसिद्ध ब्रँड) तर कुणी वय विचारतच नाही, उलट फोटो काढायला येतात. फक्त वय लपवून बुकिंग करू नका, चेक-इनला रजिस्ट्रेशन मागतात कधीकधी. सरकारी कॅम्पग्राउंडला हा नियमच नसतो, प्रश्न १ बघा.

९. "क्लास ए ओन्ली" पार्क म्हणजे काय भानगड?

श्रीमंतांची सोसायटी समजा. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा उबदार भागांत असे रिसॉर्ट आहेत जिथे लोकांनी आपापले प्लॉट विकत घेतलेत आणि सोसायटीच्या नियमात लिहिलंय की फक्त बससारखी मोटरहोम, कुठे कुठे किमान लांबीसुद्धा. तुमचा फिफ्थ व्हील नवाकोरा आणि लाखभर डॉलरचा असला तरी नाही. वाद घालून उपयोग नाही, पुढे चला.

१०. मी स्वतः व्हॅन बनवलीय / जुनी स्कूल बस घर केलीय. मला का नाकारतात?

खाजगी पार्कवाले विचारतात तो स्टिकर आरव्हीआयएचा, म्हणजे आरव्ही बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, दाराजवळ बाहेर चिकटवलेला असतो. गॅस, वायरिंग, प्लंबिंग ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणे केलंय असा त्याचा अर्थ. तो सभासद कारखान्यांना मिळतो, घरी बनवणाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे तुम्ही कितीही सुबक काम केलं असलं तरी स्टिकर नसणारच. त्यांची बाजूही खोटी नाही, शेजारच्या साइटवर कुणी स्वतः जोडलेला गॅस सिलिंडर असेल तर मलाही झोप लागणार नाही.

उपाय: गाडीचं टायटल (मालकीचा कागद) बदलून मोटरहोम करून घ्या, इन्शुरन्सही मोटरहोमचाच, आणि बनवतानाचे वायरिंगचे फोटो जपून ठेवा. स्कूल बस असेल तर पिवळा रंग आधी घालवा, बऱ्याच राज्यांत तो कायद्यानेच काढावा लागतो आणि तसंही पिवळी बस बघून पार्कवाल्याच्या कपाळावर आठी येते. टायनी हाउसवाल्यांनाही (चाकांवरचं छोटं घर) हेच लागू.

११. "सेल्फ-कंटेन्ड" हवं असं लिहिलंय, माझ्याकडे पोर्टा-पॉटी (उचलून नेता येणारं टॉयलेट) आहे, चालेल?

बहुतेक नाही. सेल्फ-कंटेन्ड म्हणजे सांडपाण्याची टाकी गाडीतच पक्की बसवलेली. अॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ बीएलएमचे (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे) हिवाळी मुक्कामाचे मोठे वाळवंटी तळ आहेत, तिथे सोयी नसलेल्या भागासाठी किमान १० गॅलनची कायम बसवलेली टाकी हवी, उचलून नेता येणारा डबा धरत नाहीत. साध्या व्हॅनवाल्यांनी हे आधी वाचावं.

१२. जनरेटर लावता येतो का? आम्हाला रात्री सीपॅप (झोपेत श्वासासाठीचं) मशीन लागतं.

रात्री नाही, जवळजवळ कुठेच नाही. योसेमिटीत दिवसातून तीनदा दोन-दोन तास: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटर अजिबात नाही. नॅशनल पार्कांत ५० फुटांवरून ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारं यंत्र तसंही चालत नाही, त्यामुळे बांधकामावरचा स्वस्त जनरेटर नेऊ नका. मशीनसाठी चांगली बॅटरी घ्या, किंवा हुकअपची साइट बघा.

१३. भाड्याने आरव्ही घेतोय, भारतातून आई-बाबा येणारेत. काही वेगळी बंदी?

भाड्याच्या गाडीला म्हणून बंदी क्वचितच. पण कंपन्यांच्या नेहमीच्या क्लास सी २५ नाहीतर ३० फुटांच्या असतात. म्हणजे गोइंग-टू-द-सन विसरा, ३० फुटी घेतली तर मेदरला अगदी काठावर, आणि गाडी उशिरा बदलून मोठी दिली ("फ्री अपग्रेड केलंय सर!") तर तुमचं बुकिंगच बसत नाही. एकदा एका ओळखीच्यांचं अगदी असंच झालं. कंपनीला आधीच लिहून द्या की मोठी गाडी नको. आई-बाबांसाठी खालचा पलंग असलेली घ्या, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढणं सत्तरीत जमत नाही.

१४. लांबी थोडी कमी टाकून बुकिंग केलं तर कोण मोजतंय?

काही ठिकाणी खरंच कुणी मोजत नाही. पण गाडीचं नाक रस्त्यावर राहिलं तर रेंजर येणारच, आणि हंगामात दुसरी साइट मिळत नाही. चूक तुमची असेल तर पैसे परत मिळतील असं धरू नका. आधीच लक्षात आलं तर रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या वेबसाइटवरून कॅन्सल करा, १० डॉलर जातात, पण पोचायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलंत तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. उलट पार्कनेच आपत्कालीन कारणाने जागा बंद केली तर पूर्ण परत मिळतात.

१५. ट्रेलरच्या साइटवर मुलांसाठी शेजारी छोटा तंबू लावला तर?

बऱ्याच ठिकाणी चालतो, साइटवर किती माणसं आणि किती तंबू ते पानावर असतं. पण हार्ड-सायडेड जागेत (प्रश्न ३) नाही, मुलं कितीही रुसली तरी. आमची रुसली होती, मग ट्रेलरच्या आतच टेबलाभोवती चादर बांधून "तंबू" केला, आणि पहाटे तीनला धाकट्याला तिथून काढायला बायकोला खाली लोळावं लागलं.